खानापुरे सर आणि घसरलेला नंदी

खानापुरे सर वर्गात चालत येत नसत, घसरत येत. रोज नव्हे, आठवीला घर्षणाचा धडा सुरू असला की. शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. तिच्यावर सर तागाचं रिकामं पोतं अंथरत, त्यावर मांडी घालून बसत आणि वर्गातली दांडगी पोरं त्यांना दोरीनं ओढत आत आणत. कडक इस्त्रीची पॅन्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात खडू. फळ्यापाशी पोचल्यावर पोत्यावरूनच पहिला प्रश्न यायचा, "काय जड गेलं? मला हलवायला, का हलल्यावर ओढायला?"

"हलवायला, सर!"

"कामून?"

या 'कामून'वर तासच्या तास जायचा. उत्तर सांगायची त्यांना सवयच नव्हती. पोत्याखाली एकदा वाळू टाकायचे, एकदा हरभरे, आणि पोरांना म्हणायचे, "ओढा परत." हरभऱ्यांच्या दिवशी पोतं इतकं सुसाट निघालं, की सर आठवीच्या दारात न वळता शेजारच्या सातवीच्या दाराशी जाऊन थडकले. तिथं मी अपूर्णांक शिकवत होतो. सर खालूनच म्हणाले, "कदम, चालू द्या. आम्ही हरभऱ्यावर होतो."

रेणापूर तालुक्यातल्या एका गावात आमच्या संस्थेची ही शाळा. मी हिमायतनगरकडचा, गणित शिकवायला इथं आलेला, आणि मुळात कमी बोलणारा. जे बोलायचो त्याला स्टाफरूममध्ये हसायचे, कारण आमच्याकडं सगळे 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' म्हणतात. मन्मथ खानापुरे उदगीरचे, वयानं माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान. हसणाऱ्यांना ते म्हणाले, "हसू नका. हा माणूस सतत गतीत असतो, त्याची भाषा तशीच असणार." तेव्हापासून कुणी हसलं नाही. एवढ्याशा गोष्टीनं मी त्यांचा झालो.

कुठंही गेले की उंबऱ्यात चप्पल काढायची, उजव्या पायाचा तळवा फरशीवर पुढं-मागं घासायचा, मान हलवायची आणि मगच आत जायचं, ही त्यांची सवय. बँक असो, देऊळ असो, मयताचं घर असो. माझ्या लग्नाची बोलणी करायला औशाला गेलो, तेव्हा माझ्याकडून वडीलधारे म्हणून सरच होते. मुलीचे वडील दारात हात जोडून उभे, आणि हे पाय घासायलेत. चांगला वेळ घासला. मग म्हणाले, "फरशी चांगली आहे. या घरात कुणी पडणार नाही." सासऱ्यांना वाटलं, हा काहीतरी शकुन बघायची पद्धत आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. देण्याघेण्याची बोलणी सुरूच झाली नाहीत, थेट तारीख ठरली. बायको अजून म्हणते, माझं लग्न फरशीशी जमलं, तुमच्याशी नंतर.

पोरांना ते जे करायला लावत, ते घरोघर पोचायचं. हाताला करडईचं तेल चोळून दप्तराची चेन उघडायची, हा असाच एक प्रयोग. दुसऱ्या दिवशी एका पोराची आई शाळेत हजर.

"मास्तर, माझं पोरगं घरातलं तेल पळवायलंय. इचारलं तर म्हणतंय, अभ्यासाला हाय."

"खरं आहे ताई, अभ्यासालाच आहे. तुम्हीपण हाताला लावा जरा." सरांनी तिच्यासमोर घट्ट झाकणाची बरणी ठेवली. "आता हे उघडून दाखवा."

बाईनं पदर खोचला, बराच जोर लावला. झाकण हलेना. पोरं दाराआडून बघत होती. शेवटी ती म्हणाली, "न्हाई निघंना बाबा. बरं, कळलं मला घर्षण. पण माज्या तेलाचं काय?"

सरांनी घरून तेलाची बाटली आणून दिली. त्यावरून सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, काय ऐकवलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण पुढच्या वर्षी हा प्रयोग साबणाच्या पाण्यावर आला.

स्टाफरूमच्या कॅरमला पावडर संपली होती, तेव्हा सरांनी खिशातली विभूतीची डबी काढून बोर्डावर शिंपडली होती. चित्रकलेचे शिक्षक दचकले. जुनी माणसं सरांना अप्पा म्हणायची. "अप्पा, देवाची विभूती!" सर स्ट्रायकर मारत म्हणाले, "देवाचीच आहे. त्याला कळतं कशाला वापरली ते." डाव संपल्यावर निष्कर्ष असा निघाला, की विभूतीवर सोंगटी पावडरीपेक्षा कमी सरकते, पण हरणाऱ्याला राग येत नाही.

मात्र त्यांचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग तपासणीच्या दिवशी झाला. विस्तार अधिकारी आले होते. सरांनी मराठीचं आणि हिंदीचं पाठ्यपुस्तक घेऊन एकाचं एक पान दुसऱ्याच्या एकेका पानावर असं सगळं गुंफून ठेवलं होतं. ना गोंद, ना दोरा. "साहेब, नुसती ओढून वेगळी करा."

साहेबांनी दोन बोटांनी ओढली. मग दोन हातांनी. मग उभं राहून. मुख्याध्यापक देशमुख सर घाईघाईनं दुसरी बाजू धरायला गेले, कारण साहेब एकटे हरायलेत हे त्यांना बरं दिसेना. आठवीचा अख्खा वर्ग बघतोय आणि एकीकडं साहेब, एकीकडं मुख्याध्यापक, दात-ओठ खाऊन पाठ्यपुस्तकं ओढतायत! सर मधे उभे राहून शांतपणे समजावत होते, "एकेका पानाचं घर्षण किरकोळ असतं. पण पानं किती आहेत बघा. साहेब, अजून जोर लावा, काही होत नाही." झालं ते असं, की पुस्तकं सुटली नाहीत, देशमुख सरांचा हात सुटला. साहेब पुस्तकांसकट मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि खुर्ची त्यांना घेऊन गुळगुळीत फरशीवरून पार भिंतीपर्यंत गेली.

 सर पोरांकडं वळले. "हे कुठलं घर्षण?"

हसले ते पहिल्यांदा साहेबच. म्हणून निभावलं.

आता नंदीचं सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावात सांगतात ती गोष्ट वेगळी आहे.

गावात महादेवाचं जुनं देऊळ. जीर्णोद्धार निघाला, आणि काळ्या दगडाचा मोठा नंदी जुन्या मंडपातून खालच्या अंगाला बांधलेल्या नव्या मंडपात न्यायचं ठरलं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी लातूरहून क्रेन मागवली. क्रेन आली, साखळी सुटली, आणि देवळाचे जंगम स्वामी आडवे आले.

"नंदी अधांतरी करायचा न्हाई. पाय भुईला असले पाहिजेत."

"स्वामी, दोन मिनिटांचं काम हाय," क्रेनवाला म्हणाला.

"दोन मिनिटं तुमाला लटकवू का?"

क्रेन परत गेली. नंदी तसूभर हलेना. तेव्हा खानापुरे सर पुढं झाले. "भुईला टेकलेलाच नेऊ. माझी आठवी नेईल."

गावात चेष्टा झाली. पण सरांना आयुष्यभर असा धडा मिळाला नव्हता, आणि त्यांनी त्याची तयारी लग्नाच्या घरासारखी केली. सपाट भागात नंदीखाली फळ्या आणि फळ्यांखाली बोअरचे जुने पाईप, म्हणजे तो लोळत जाईल. शेवटी मंडपाकडं उतार होता, तिथं पाईप काढून घ्यायचे आणि नुसत्या कोरड्या फळ्यांवरून सरकवायचं. कोरड्या लाकडावर एवढ्या उतारानं दगड आपणहून सरकत नाही, हे सरांनी वर्गात फळी तिरकी करून, तिच्यावर वीट ठेवून पोरांकडूनच काढून घेतलं होतं. तरीही समजा फळी ओली झालीच, तर? म्हणून पाचर. बाभळीची, खालून जाड खिळे ठोकलेली, म्हणजे ती फळीत रुतून बसेल. उतारावर पोरांनी नंदी थोडा ओढला, की लगेच त्याच्या बैठकीपुढं पाचर मारायची. ओढायचं, मारायची. पाचरीनं नंदी धरला जाईल, असं सरांनी मांडून ठेवलं होतं.

पाचर माझ्याकडं होती.

सपाट भाग मजेत पार पडला. पोरं आरोळ्या देत होती, सर मागं राहून "सावकाश, गती घेऊ देऊ नका!" म्हणून ओरडत होते, आणि पाईप मागून काढून पुढं घालायला गावातले पहिलवान लागले होते. चेष्टा करणारेच आता दोरीला हात लावायला धडपडायचे. नंदी चालायला लागला म्हटल्यावर बायका घराघरांतून तांबे घेऊन निघाल्या. देव घर बदलतोय, तर त्याला कोरडा कसा जाऊ द्यायचा? कुणी दूध ओतलं, कुणी दही, कुणी तुपाचं निरंजनच रिकामं केलं. आमच्या सरांनी विटेवर सगळं करून बघितलं होतं, पण विटेला कुणी अभिषेक केला नव्हता.

"ओतू नका! फळ्या ओल्या व्हायल्यात!" सर मागून कळवळून ओरडत होते.

"अप्पा, तुमच्या फळ्यांचं काय घिऊन बसलाव, त्याला निरोप द्यायलोय आम्ही!" एक म्हातारी म्हणाली आणि तिनं आख्खी कळशी उपडी केली.

नंदी उताराच्या तोंडाशी आला. पाईप निघाले. पहिली पाचर मी मारली, नंदी थांबला. ती उपसून दुसऱ्यांदा मारायची तयारी केली, पोरांनी दोरी जराशी ओढली, आणि नेमकी त्याच वेळी खालच्या रस्त्यावर अण्णांची नवी कोरी गाडी येऊन थांबली.

मी तेव्हा कायम नव्हतो. माझा कागद अण्णांच्या सहीसाठी अडकला होता. अण्णांच्या गाडीचं दार उघडायला पहिला कोण जातो यावर आमच्या संस्थेत बरंच काही ठरायचं. मी पाचर हातात तशीच धरून खाली पळालो आणि दार उघडलं. "या अण्णा." अण्णा उतरले, दोन पावलं चालले. मागं वळून बघतो तर नंदी यायला निघाला होता.

धाडधाड नव्हे. अगदी सावकाश, मान ताठ ठेवून, दुधातुपात न्हालेला. पोरांनी दोऱ्या सोडल्या आणि बाजूला झाली. सरांनी आधीच शिकवून ठेवलं होतं, घसरणाऱ्यापुढं कुणी थांबायचं नाही. कुणाला खरचटलंही नाही. नंदी फळ्यांवरून उतरला, रस्ता ओलांडला, आणि गाडीच्या बॉनेटमध्ये मुस्कट खुपसून शांत झाला.

"हर हर महादेव!" गावानं गजर केला. अण्णांनी केला नाही.

त्या गोंधळात, सगळ्यांचे डोळे गाडीवर असताना, मी एक गोष्ट केली. नंदी जिथून सुटला होता, तिथल्या दुधाच्या थारोळ्यात मी हातातली पाचर टाकून दिली.

पुढचं सगळं गावाला पाठ आहे. स्वामींनी सांगितलं, नंदीनं जागा स्वतः निवडली, आता तो हलवायचा नाही. म्हणून नवा मंडप पाडून नंदीभोवती पुन्हा बांधला. मधे अडकलेली गाडी काढायला परत क्रेन आली. गाडी लटकवायला स्वामींची हरकत नव्हती.

बैठकीत अण्णांनी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? सर उभे राहिले. त्यांनी ती पाचर थारोळ्यात पडलेली बघितली होती. म्हणाले, "चूक माझी. पाचर धरेल असं मी मांडलं होतं. धरली नाही." मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. तोंड उघडलं नाही.

सरांचं विज्ञान काढून घेतलं. संस्थेच्या नांदेडकडच्या शाखेवर बदली केली आणि चित्रकला व कार्यानुभव दिलं. इथलं विज्ञान मला मिळालं, पुढं सहीही झाली. निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, "सर, तिकडं प्रयोग तर चालू ठेवा, कार्यानुभवात कोण बघतंय?" ते म्हणाले, "नाही कदम. ज्याचं मांडलेलं चुकलं आणि कामून चुकलं ते सापडलं नाही, त्यानं पोरांना काही दाखवू नये."

आणि त्यांनी खरंच सोडलं. तिकडचे शिक्षक भेटले की मी आडून आडून चौकशी करायचो. सर काय करतात? जास्वंदीचं फूल काढायला शिकवतात, म्हणायचे. चांगलं शिकवतात. गप्प असतात.

मी बढती घेत गेलो. आज त्याच शाळेत मुख्याध्यापक आहे, आणि अण्णाच अध्यक्ष आहेत. या मधल्या वर्षांत मी सरांना सणावाराला फोन केले, तब्येत विचारली आणि ठेवून दिले. परवा कामानं नांदेडला गेलो होतो. सर निवृत्त होऊन विष्णुपुरीला मुलीकडं राहतात. या वेळी गेलो आणि चहा यायच्या आतच सगळं सांगून टाकलं. चहा आल्यावर धीर झाला नसता, हे मला माहीत होतं.

 मला वाटलं, सर आता उठून जा म्हणतील.

"म्हणजे पाचर लावलीच नव्हती?"

"नाही, सर."

"दुसऱ्यांदा?"

"मारलीच नाही. हातात होती माझ्या."

"अहो!" त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "खलबत्त्यातला खल आणा. आणि बसायचा पाट. आणि दूध."

"दूध कशाला?" आतून काकू.

"नंदीला!"

गुडघे दुखणारा तो माणूस भिंतीला धरून खाली बसला. पाटाखाली एका बाजूनं पुस्तकं सारून उतार केला. दगडी खल वर ठेवला. कोरड्यावर खल जागचा हलला नाही. मग चहाचं दूध ओतलं, वर चमचाभर तूप. खल निघाला तो थेट माझ्या पायावर येऊन आदळला. काकू म्हणाल्या, "टाइल्सवर तूप! लेक येऊ दे घरी, मग बघा." सरांनी ऐकलंच नाही. दांडीवरचा कपड्यांचा लाकडी चिमटा मागवला, त्याला खालून टाचण्या ठोकल्या, तो पाटात रुतवून खलापुढं लावला. परत दूध. परत तूप.

खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात महादेवाला म्हणत होतो, घसरू दे. पाचर असूनही खल घसरला असता, तर माझ्या मनावरचं ओझं तिथंच उतरलं असतं.

खल घसरला नाही.

सरांनी पाट आणखी तिरका केला. अजून दूध ओतलं. खल चिमट्याला टेकून तसाच बसलेला. सरांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायला गेलो तर तिथं पोत्यावरून वर्गात शिरणारा माणूस होता.

"धरली! अहो, इकडं या, धरली! माझं मांडलेलं बरोबर होतं!" मग एकदम माझ्यावर खेकसले, "येड्या, आधी कामून नाही सांगितलंस? किती वर्ग गेले हातातून! नुसती जास्वंदी काढून घेतली मी पोरांकडून!"

त्यांनी मला कधीच अरेतुरे केलं नव्हतं. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण ते माझं ऐकायला थांबले नाहीत. तुपाच्या हातानं मोबाइल काढला. तो दोनदा सटकला, तिसऱ्यांदा सदऱ्यात धरून नंबर शोधला.

"कुणाला लावायलात, सर?"

"अण्णांना. गाडी त्यांची होती. ती कशानं गेली हे त्यांना चुकीचं माहीत आहे, ते बरोबर करायला पाहिजे."

"सर, मी तिथं मुख्याध्यापक आहे."

"मग बरंच आहे, ओळख सांगायला नको." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला अडचणीत आणायचा त्यांचा काही विचार नव्हता. तो त्यांच्या डोक्यात येतच नाही. "प्रत्यक्ष बघितलं तुम्ही, तर तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर ऐकीव होईल."

फोन वाजत होता. काकू पोछा घेऊन दारात उभ्या होत्या. सरांनी खल उचलून पाटाच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवला, चिमटा पुन्हा रुतवला, तांब्यात दूध उरलंय का ते बघितलं.

"हां, कोण?" पलीकडून अण्णांचा आवाज आला.

सरांनी मान वर न करताच हातानं खूण केली, बोला.

"अण्णा," मी म्हटलं, "मी कदम बोलतोय. नंदीच्या दिवशी पाचर माझ्याकडं होती."